फलकावरच्या सहीला लॅकर नको, सावली हवी

पत्र: माझ्याकडे क्रिकेटपटूंच्या सह्या असलेले तीन फलक आहेत. पहिला म्हणजे सागवानी पाटावर बसवलेला पितळी पत्रा. त्यावर १९८३च्या विश्वचषक विजयाचा मजकूर कोरलाय आणि खाली त्या संघातल्या चार खेळाडूंनी काळ्या मार्करने सह्या केल्यात. दुसरा अ‍ॅक्रिलिकचा, त्यावर चंदेरी पेनाने केलेली सही. तिसऱ्यात फोटो आहे आणि फोटोवर निळ्या मार्करची सही. तिन्ही हॉलमध्ये, पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर आहेत. निळी सही आता जांभळट झालीय, शेवटची अक्षरं तर दिसतच नाहीत. काळ्या सह्याही तपकिरी वाटायला लागल्यात. त्यात दिवाळीच्या साफसफाईत पितळेवरच्या एका सहीचं शेपूट पुसलं गेलं, त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता. गाड्या रंगवणारा मित्र म्हणतो, क्लिअर कोटचा, म्हणजे पारदर्शक लॅकरचा, एक हात मारून देतो, जन्मभर बघायला नको. फ्रेमवाला म्हणतो, निळी सही हुबेहूब गिरवून देतो. काय करू? पुढच्या महिन्यात एका कार्यक्रमात चौथ्या फलकावर सही मिळेलसं दिसतंय, तिथे काय काळजी घेऊ?
– एक संग्राहक, नाशिक

नमस्कार,

आधी मित्राला फोन करून सांगा की क्लिअर कोट नको. माणूस मनाचा चांगला असेल, गाड्याही झकास रंगवत असेल, पण त्याच्या त्या ‘एका हाता’त चारही सह्या जाऊ शकतात. फ्रेमवाल्यालाही नाही म्हणून टाका. कारणं देतो, म्हणजे दोघांना नीट सांगता येईल.

परमनंट मार्करच्या शाईत रंग असतो, तो रंग पृष्ठभागाला धरून ठेवणारी राळ असते आणि दोन्ही विरघळवून ठेवणारं अल्कोहोलच्या जातीचं द्रावण असतं. मार्करचं टोपण काढल्यावर नाकात जातो तो वास या द्रावणाचा. ते काही सेकंदांत उडून जातं, राळ घट्ट होते आणि आपण म्हणतो, सही वाळली. कागदावर किंवा कोऱ्या लाकडावर ही शाई थोडी आत मुरते. पितळेत नाहीतर अ‍ॅक्रिलिकमध्ये ती मुरणार कुठे? तिथे ती नुसती वर बसलेली असते, दुधावरच्या सायीसारखी. तुमच्या सहीचं शेपूट फडक्याच्या एका फटक्यात गेलं ते त्यामुळेच.

आता क्लिअर कोटमध्ये काय असतं? पुन्हा राळच, आणि ती पातळ करायला थिनर. तो वाळलेल्या शाईवर पडला की शाई परत ओली होते. कधी अक्षरांच्या कडेने निळसर वलय उमटतं, कधी रेघा ओघळतात. कधी त्या दिवशी सगळं छान दिसतं आणि पुढे हळूहळू कोटाच्या आतल्या आत शाई पसरत जाते. पाण्याच्या बेसचं वॉर्निश निर्धोक म्हणून विकतात, पण थर एकसारखा बसावा म्हणून त्यातही थोडी द्रावणं घातलेली असतात. कुणीतरी हमखास सांगेल की माझ्या बॅटवर मी लॅकर मारलं, काही झालं नाही. त्याची बॅट लाकडाची, शाई आत मुरलेली. तुमचा पत्रा आहे. आणि समजा, सही पहिल्या दिवशी वाचलीच, तरी काही वर्षांनी कोट पिवळा पडला की तो काढायला परत थिनरच लागणार, मग कोटाबरोबर सहीही गेली. संग्रहालयांत वस्तूंची डागडुजी करणारे लोक एक पथ्य पाळतात, जे उद्या सुखरूप काढता येणार नाही ते आज लावायचं नाही. आपण घरीही तेच पाळावं.

मेणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवणारच. ‘रेनेसान्स वॅक्स’ नावाचं एक मेण जगभरातली संग्रहालयं धातूच्या वस्तूंना लावतात. १९५०च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत ते तयार झालं आणि त्याची ख्याती खरी आहे. पण त्यात व्हाइट स्पिरिट हे थिनरच्या जातीचं द्रावण असतं आणि ते लावल्यावर कापडाने घासून चमक आणावी लागते. मार्करच्या सहीला या दोन्ही गोष्टी घातक. पत्र्याच्या मोकळ्या भागालाही लावू नका, घासताना हात पुढे सरकतोच.

गिरवण्याबद्दल मी जास्तच कडक बोलणार आहे. निळ्या सहीकडे एकदा दहा पट भिंगातून बघा. सराईत सहीत हात थांबत नाही. पेन फोटोवर टेकायच्या आधीच हात फिरायला लागलेला असतो, म्हणून सुरुवातीची रेघ अणकुचीदार दिसते. शेवटी पेन उचलताना ती विरळ, कोरडी होत जाते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाईचे दोन थर पडून गडद ठिपका दिसतो. फ्रेमवाला गिरवणार सावकाश, एकसारख्या दाबाने, रेघेवर रेघ ठेवून. त्याखाली हे सगळं बुजणार. उद्या कुणी जाणकार माणूस ती बघेल तेव्हा त्याला दिसेल ती फ्रेमवाल्याची सही. फिकट झालेली सही अजून त्या खेळाडूचीच आहे. गिरवली की ती संशयास्पद होते, आणि बाजारात खोट्या सह्यांचा सुळसुळाट एवढा आहे की संशयास्पद वस्तूला कुणी हात लावत नाही. खेळाडू पुन्हा भेटलाच तर शेजारच्या मोकळ्या जागेत नवी सही घ्या, खाली तारीख टाकून. जुनी तशीच राहू द्या.

निळी सही परत येणार नाही, हेही सांगून टाकतो. मार्करच्या शाईत बहुधा ‘डाय’ असतात, म्हणजे विरघळणारे रंग. प्रकाशाने त्यांचे रेणू तुटतात, आणि तुटलेला रेणू कोणत्याही रसायनाने पुन्हा जुळत नाही. काळी शाई बऱ्याचदा तीन-चार रंगांचं मिश्रण असते. त्यातला एखादा आधी उडतो, एखादा मागे राहतो, म्हणून काळं आधी तपकिरी किंवा जांभळट दिसतं आणि मग फिकटतं. तुमच्या पितळेवरच्या सह्या या पहिल्या पायरीवर आहेत. अजून वेळ आहे.

खिडकीसमोरची ती भिंत तेवढी सोडा. नाशिकमध्ये पश्चिमेचं ऊन मार्च ते मे कसं आत येतं ते मी सांगायला नको. संग्रहालयांत नाजूक रंगाच्या वस्तूंवर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात, म्हणजे डोळे सरावल्यावर जेमतेम निवांत बघता येईल इतका. थेट उन्हात हाच आकडा एक लाखाच्या घरात जातो. नुकसान ठरतं ते एकूण किती प्रकाश पडला त्यावर, त्यामुळे साधा गुणाकार केला तरी कडक उन्हातला एक तास म्हणजे संग्रहालयातले दोन हजार तास. रोज आठ तास उघडं असणाऱ्या दालनात तेवढं व्हायला २५० दिवस लागतात. खिडकीची साधी काच अतिनील किरणांतला काही भाग अडवते, पण बराचसा आत सोडते. शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग उडवतोच, म्हणून अतिनील अडवणारी फिल्म किंवा काच लावली की काम झालं असं समजू नका. त्याने वेग कमी होतो, एवढंच.

याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला अमेरिकेत आहे. १७७६चा त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ५६ जणांच्या सह्यांचा, १८४१ ते १८७६ अशी पस्तीस वर्षं वॉशिंग्टनच्या पेटंट ऑफिसच्या इमारतीत भिंतीवर टांगलेला होता, खिडकीच्या उजेडात. आज तो तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आर्गॉन वायू भरलेल्या पेटीत, मंद दिव्याखाली आहे आणि सह्या डोळे ताणूनही धड वाचता येत नाहीत. लोकांच्या ओळखीचा आहे तो १८२३ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेल्या प्रतींमधला मजकूर. आपल्या राज्यघटनेचं नशीब बरं. तिच्या मूळ हस्तलिखित प्रतीवर संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी सह्या केल्या. ती संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत आहे, आणि ठिकठिकाणी लोकांना बघायला मिळतात त्या तिच्या छापील प्रतिकृती.

तुम्हीही हेच करा. निळ्या सहीचा फोटो भिंतीवरून काढा आणि परत लावू नका. आधी चांगल्या स्टुडिओत ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्या. काच असलेल्या फ्रेममध्ये सही काचेला टेकलेली असेल तर फोटो ओढून काढू नका, दमट हवेत शाई काचेला चिकटलेली असू शकते. अशा वेळी फ्रेमसकट कॅमेऱ्याने फोटो घ्या आणि काम कागदाच्या जाणकारावर सोपवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करून बघा. स्कॅनची प्रिंट त्याच मापात काढून तीच फ्रेम करून भिंतीवर लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही. मूळ फोटो कपाटात जाईल, पण पीव्हीसीच्या मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नको. त्या प्लास्टिकमधलं तेलकट द्रव्य बाहेर येतं आणि शाई उचलून घेतं. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट, नाहीतर आम्लविरहित कागद.

अंधारात ठेवायच्या तर सह्या जमवायच्या कशाला, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार आणि तो रास्त आहे. पितळी आणि अ‍ॅक्रिलिकचा फलक आलटून पालटून लावा. एकाच्या वाट्याला तीन-चार महिने भिंत, तेवढेच महिने कपाट. भिंत मात्र बदला. हॉलमधून बेडरूमकडे जाणारा पॅसेज असेल तर उत्तम. तिथे ऊन येत नाही, दिवा लागेल तेवढ्यापुरताच लावला जातो, आणि येणारा-जाणारा थांबून बघतोही. दिवा एलईडीचा असू द्या, त्यात अतिनील किरण जवळपास नसतात. फलकावर रोखलेला स्पॉटलाइट लावायचा मोह मात्र टाळा. मोबाइलवर लक्स मोजणारी अ‍ॅप मिळतात. आकडा काटेकोर नसतो, पण हॉलमधली ती भिंत आणि पॅसेज यांतला फरक बघून तुम्हीच चमकाल.

चंदेरी सहीची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती बहुतेक पेंट मार्करची असेल. फलक तिरका धरून उजेडात बघा. सही किंचित उठावदार आणि पूर्ण अपारदर्शक दिसली तर पेंट मार्कर. त्यातला चंदेरीपणा धातूच्या बारीक चुऱ्याचा असतो, तो उजेडाने सहसा उडत नाही. तिला भीती आहे ओरखड्याची आणि अल्कोहोलची. करोनाच्या काळात घराघरांत सॅनिटायझर आलं आणि दिसेल त्या वस्तूवर मारायची सवय लागली, ती सवय अशा फलकांना भोवते. अल्कोहोलने सही तर जातेच, शिवाय अ‍ॅक्रिलिकमध्ये केसासारखे बारीक तडे जाऊ शकतात, आणि ते घासूनही जात नाहीत. काच पुसायच्या निळ्या फवाऱ्यांतही बहुधा अल्कोहोल असतं. अ‍ॅक्रिलिक कोरड्या कापडाने जोरात पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि दुप्पट धूळ चिकटते. मऊ, कोऱ्या ब्रशने धूळ वरून खाली झटका आणि सहीच्या जागेला तोही लावू नका. फोटोग्राफर लेन्सवर हवा मारायला रबरी फुगा वापरतात, तो सहीपुरता पुरे.

पितळेचं मात्र घरातल्या सगळ्यांना बसवून सांगावं लागेल, कारण पितळ दिसलं की आपल्याकडे हात शिवशिवतात. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी हे सगळं देवघरातल्या तांब्या-समईसाठी. बाजारात मिळणाऱ्या पितळी फलकांवर बहुधा कारखान्यातच लॅकरचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून ते वर्षानुवर्षं पिवळेधमक राहतात. घासलं की आधी तो थर जातो, त्याबरोबर सही जाते आणि उघडं पडलेलं पितळ पुढच्या पावसाळ्यात काळं पडतं, म्हणजे परत घासणं आलं. पत्र्यावर काळसर ठिपके आले असतील तर असू द्या. उघड्या बोटांनी पत्रा धरू नका. घामातल्या क्षारांनी बोटांचे ठसे धातूत उमटतात आणि काही महिन्यांनी ते दिसायला लागतात. केमिस्टकडे नायट्रिलचे हातमोजे मिळतात, ते घाला. पुसलेल्या शेपटाचं काही करू नका. वहीत तारीख आणि हकीकत लिहून ठेवा, कारण पुढे कुणाला फलक दाखवाल तेव्हा ‘हे असं का?’ हा पहिला प्रश्न येतो.

पितळी फलक खोलगट फ्रेममध्ये बसवा. काच किंवा अ‍ॅक्रिलिक सहीपासून निदान बोटभर दूर हवं. फ्रेमवाल्याला ‘शॅडो बॉक्स’ म्हटलं की कळतं. अतिनील अडवणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक शीट मोठ्या शहरांत मिळते, महाग असते, पण या एका फलकापुरता खर्च करण्यासारखा आहे. पाठीमागे एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) किंवा कच्चं प्लायवूड नको. त्यातून आम्लांच्या वाफा निघत राहतात आणि बंद पेटीत त्या धातूवर बसतात. व्हिनेगरसारखा वास येणारं, फटी बुजवायचं सिलिकॉनही नको, तो वासच आम्लाचा असतो. दुकानात न्यूट्रल सिलिकॉन वेगळं मिळतं. नवी पेटी असेल तर रंगाचा, गोंदाचा वास पूर्ण जाईपर्यंत आठ-पंधरा दिवस उघडी ठेवा, मग फलक आत ठेवा. मी फ्रेमवाल्यासमोर उभं राहून काम करून घेतो. तो कंटाळतो, पण त्यालाही सवय होते.

पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर काहीच टांगू नका, ओल मागून येते. आतल्या भिंतीवरही फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा, म्हणजे हवा खेळती राहते. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. त्यांचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर वाळवून परत वापरता येतात. डांबर गोळ्या मात्र कपड्यांपुरत्याच, काही प्लास्टिकं त्यांच्या वाफेने मऊ पडतात.

आता पुढच्या महिन्याचं. आयोजक टेबलावर ठेवतात तो मार्कर वापरू नका, आपला पेन खिशात न्या. धातू किंवा अ‍ॅक्रिलिकसाठी तेलाच्या बेसचा, पिगमेंट असलेला पेंट मार्कर घ्या. पिगमेंट म्हणजे न विरघळणारा कणांचा रंग, तो उन्हात डायपेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. गडद पत्र्यावर चंदेरी किंवा सोनेरी, उजळ पत्र्यावर काळा. एकाच जातीचे दोन पेन न्या, एखादा ऐन वेळी कोरडा निघतो. टोक आधी घरी दुसऱ्या पत्र्यावर चालवून शाई नीट उतरते का बघा, नाहीतर पहिला ठिपका फलकावरच पडायचा. निघायच्या आधी सहीची जागा कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, तेलकट बोटाच्या ठशावर शाई धरत नाही. आणि कागदावर सही घ्यायची वेळ आली तर साध्या शिसपेन्सिलीची लाज बाळगू नका. ग्राफाइटला उजेड काहीच करत नाही, आणि बॉलपेनची सही उडून जाईल तेव्हाही पेन्सिलची तशीच असेल. फक्त खोडरबरापासून जपा.

सही करताना कुणाला तरी फोटो काढायला सांगा, ज्यात खेळाडूचा हात, पेन आणि फलक एकत्र दिसतील. कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका जपून ठेवा, फलकाच्या मागे चिकटवू नका. सही झाल्यावर फलक लगेच काखोटीला मारायचा नाही. तिथेच निदान पंधरा मिनिटं आडवा ठेवा. पुठ्ठ्याचा उथळ खोका घेऊन जा, फलक त्यात कडांनी अडकेल आणि सहीला वरून काही टेकणार नाही असा. बबल रॅप सहीवर ठेवला की त्याचे गोल ताज्या रंगात उमटतात, म्हणून तो खोक्याच्या बाहेरून. घरी आल्यावर एक दिवस पूर्ण आडवा, धूळ नसलेल्या जागी. मग खुशाल फ्रेमवाल्याकडे न्या, पण त्याला आधीच सांगून ठेवा की काच पुसायचा फवारा दुकानात बंद.